काठावरचं नाव : लढाईच्या पदकांचा आढावा

लष्करी पदकांचे दोन ठळक प्रकार असतात. एक शौर्याचं. ते लाखांत एखाद्याला मिळतं आणि त्याच्यामागे शिफारस, प्रशस्तिपत्र, गॅझेटमधली नोंद असा कागदांचा लवाजमा असतो. दुसरं मोहिमेचं. ठरलेल्या तारखांच्या दरम्यान ठरलेल्या मुलखात जो जो हजर होता त्या प्रत्येकाला ते मिळतं, मग त्याने शत्रूचं तोंड पाहिलेलं असो वा नसो. मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलं आहे ते बहुतेक पहिल्या प्रकारावर. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी लढलेले नामदेव जाधव, या दोघांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची गोष्ट वाचकांच्या कानावरून गेलेली असते. दुसऱ्या प्रकारची पदकं मात्र ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या खणात नाही तर सराफाच्या मोडीच्या डब्यात सापडतात. या लेखाचा मुद्दा असा की साध्या शिपायाचा इतिहास लिहायचा तर हीच दुर्लक्षित पदकं जास्त उपयोगाची आहेत, कारण ती सरसकट वाटली गेली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या काठावर शिपायाचं नाव आहे. पण त्यांचा उपयोग होतो तो एका अटीवर. शोभेची वस्तू म्हणून न पाहता ताम्रपट वाचावा तशी ती वाचली पाहिजेत, आणि एकाच माणसाची पदकं एकमेकांपासून तोडता कामा नयेत. संग्रहाचा सध्याचा रिवाज या दोन्ही बाबतींत कमी पडतो.

काठावर नाव घालण्याची पद्धत पहिल्यापासून नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानी शिपायांसाठी पहिलं म्हणावं असं पदक काढलं ते मराठ्यांशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या निमित्ताने. १७७८ ते १७८४ या काळात पश्चिम हिंदुस्थानात आणि गुजरातेत लढलेल्यांसाठी १७८४ मध्ये मंजूर झालेलं हे ‘डेक्कन पदक’ सोन्याचं आणि चांदीचं होतं. त्याच्यावर फारसी मजकूर होता, शिपायाचं नाव नव्हतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि १८०८ मध्ये त्याचं पदक वाटलं गेलं, तेही बिननावाचं. मात्र ते पाच धातूंत पाडलं होतं. वरच्या सेनानींना सोनं, त्याखालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग कांसं आणि साध्या शिपायाला कथील. एका बाजूला ब्रिटिश सिंह वाघाला लोळवतोय असं चित्र होतं, आणि ते कथलावरही सोन्यावर होतं तेच. म्हणजे धातूवरून हुद्दा कळायचा, माणूस कळायचा नाही. आज असं एखादं कथलाचं पदक हाती आलं तर ते कोणाचं हे सांगायला वस्तूवर काहीच आधार नसतो. ब्रिटिश सरकारने सर्व हुद्द्यांच्या सैनिकांना एकाच धातूचं आणि काठावर नाव ठोकलेलं पदक पहिल्यांदा दिलं ते १८१५ च्या वॉटर्लूनंतर. हिंदुस्थानात ही पद्धत रुळायला आणखी काही दशकं गेली.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचं वाटावं असं जुनं पदक म्हणजे १८५१ मध्ये दिलं गेलेलं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. १८०३ ते १८२६ दरम्यानच्या लढायांसाठी ते होतं आणि ज्या लढाईत शिपाई होता तिचं नाव कोरलेली चांदीची पट्टी, म्हणजे क्लास्प, वर बसवलेली असे. या पट्ट्यांवरची नावं ओळीने वाचली तर महाराष्ट्राचा आणि आसपासचा नकाशाच उभा राहतो : असई, आडगाव, गाविलगड, असीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. अर्थात ही सगळी नावं जिंकणाऱ्याच्या बाजूने आणि जिंकणाऱ्याच्या स्पेलिंगमध्ये आहेत. पण या पदकातली खरी गोम तारखेत आहे. ते जिवंत असलेल्यांनाच मिळणार होतं. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये पन्नाशी ओलांडून गेला होता. असईला लढलेला तर सत्तरीकडे झुकलेला असणार. शिवाय ‘मी त्या लढाईत होतो’ असा दावा लागे. साहेबाला त्या दाव्याची वाट ठाऊक होती. निवृत्त होऊन कोकणातल्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या शिपायाला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे तेवीस वर्षांच्या एवढ्या लढायांमागे वाटली गेलेली पदकं काही हजारांतच राहिली. इथेच एक सावधगिरी शिकायला मिळते. पदकांच्या संख्येवरून लढणाऱ्यांची संख्या काढता येत नाही. पदक हे हजेरीचं प्रमाण आहे, पण पदक नसणं हे गैरहजेरीचं प्रमाण नाही.

पहिल्या महायुद्धापासून हा पुरावा भरघोस होतो. हिंदुस्थानी शिपायाला त्यात साधारणपणे तीन पदकं मिळू शकत. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ दरम्यान फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्याला ‘१९१४ स्टार’. त्या मुदतीत न बसणाऱ्या, पण ३१ डिसेंबर १९१५ च्या आत कुठल्याही युद्धभूमीवर पोचलेल्याला ‘१९१४-१५ स्टार’. हे दोन्ही स्टार एकाच माणसाला मिळत नसत. त्यांच्या जोडीला चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि कांशाचं व्हिक्टरी मेडल. वॉर मेडल हातात घेऊन पाहावं. छत्तीस मिलिमीटर व्यासाचा चांदीचा जाड तुकडा. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला गरुडाची ढाल तुडवणारा उघडा घोडेस्वार आणि पायाशी कवटी. संग्राहकाची नजर बहुधा इथेच रेंगाळते. पण ही दोन्ही चित्रं लाखो पदकांवर अगदी सारखी आहेत, त्यांतून माणसाविषयी काही कळत नाही. पदक आडवं धरून खिडकीच्या उजेडात काठ फिरवला की रोमन लिपीत एक ओळ उमटते : पलटणीतला नंबर, हुद्दा, नाव, पलटण. सुमारे अकरा सेंटिमीटर लांबीची ही ओळ. त्या शिपायाने आयुष्यात सही म्हणून अंगठाच उठवला असेल, तर त्याच्या नावाचा छापील पुरावा म्हणून कित्येकदा एवढीच ओळ उरलेली असते.

ही ओळ एकटी वाचली तर थोडं सांगते, तिन्ही पदकांवरच्या ओळी मिळून वाचल्या तर पुष्कळ. याचं सर्वांत चांगलं उदाहरण मेसोपोटेमियात मिळतं. पुण्याचं मुख्यालय असलेली सहावी डिव्हिजन १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफॉनपर्यंत जाऊन मागे हटली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कुत-अल-अमारा इथे वेढली गेली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. जवळपास पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. आता समजा ११० व्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाचं पदक समोर आहे. तो कुतच्या वेढ्यात होता का? वेढा पडल्यावर बाहेरून कोणी आत जाऊ शकत नव्हतं. म्हणजे वेढ्यात असलेला प्रत्येक जण १९१५ संपायच्या आत मेसोपोटेमियात उतरलेला असणारच, आणि तसा असेल तर तो १९१४-१५ स्टारचा हक्कदार होता. ज्याला स्टार मिळालेलाच नाही, नुसतं वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल मिळालं, तो पुढे नव्याने उभ्या केलेल्या पलटणीत १९१६ मध्ये किंवा त्यानंतर आलेला. स्टार असणारा प्रत्येक जण वेढ्यात होताच असं म्हणता येत नाही, कारण तो आधीच जखमी होऊन मुंबईला परतलेला असू शकतो. पण स्टार नसणारा नक्की नव्हता. एवढा नेमका निष्कर्ष एका कांशाच्या चांदणीवरून निघतो. त्यात भर म्हणजे स्टारच्या मागे बहुधा युद्धभूमीवर पाऊल ठेवतानाचा हुद्दा असतो आणि बाकीच्या दोन पदकांवर पुढे चढलेला. स्टारवर शिपाई आणि जोडीवर नाईक असं दिसलं, तर मधल्या तीन वर्षांत त्या माणसाचं काय झालं याचा एक धागा हाती लागतो.

असंच एक उदाहरण खडकीचं. तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे पुढच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर घुसून घराघरांतून हातघाईची लढाई केली आणि प्रचंड नुकसान सोसलं. त्यांच्यात मराठे होते. या कंपन्यांपैकी एकीचं नाव असलेला १९१४ स्टार मिळाला, तर तो माणूस युद्धाच्या पहिल्याच शरद ऋतूत, फ्लँडर्सच्या चिखलात होता हे ठरलं. न्यूव्ह शापेलला १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर हिंदुस्थानच्या ४,७०० हून अधिक मृतांची नावं आहेत. जे तिथून जिवंत परतले त्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत, ती असलीच तर या चांदण्यांच्या पाठीवर.

आणि नेमकी हीच चांदणी आधी हरवते. बाजाराचा हिशेब उलटा आहे. वॉर मेडल चांदीचं, वजन जवळपास एक औंस, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडं जास्त. स्टार आणि व्हिक्टरी मेडल यांना धातू म्हणून किंमत नाही. घरात अडचण आली की वॉर मेडल सराफाकडे गेलं आणि बाकीची दोन मुलांच्या खेळण्यात. १९७९-८० मध्ये जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा ही पदकं ब्रिटनमध्येसुद्धा किलोंच्या हिशेबाने भट्टीत गेली. जिथे चांदी हीच गरिबाची बँक, त्या आपल्याकडे काय झालं असेल ते सांगायला नको. कित्येक पदकांची वरची दांडी काढून तिथे कोंडा लावलेला दिसतो, कारण ती पुतळीसारखी गळ्यात घातली गेली. संग्राहकाच्या लेखी असं पदक ‘खराब’. वस्तुतः तोही त्या घराचा इतिहासच आहे. यातली एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी. मजूर तुकड्यांना हेच वॉर मेडल चांदीऐवजी कांशात दिलं गेलं होतं. सराफाला ते नको होतं म्हणून ते वितळलं नाही. सरकारने हलकं ठरवलेलं पदक हलकेपणामुळेच टिकलं आणि आज संग्राहक त्याला चांदीच्या पदकाहून चढा भाव देतात.

दलालाचं काम याच्याही पुढचं. तीन पदकांचा संच एका गिऱ्हाइकाला विकण्यापेक्षा तीन गिऱ्हाइकांना तीन विकली तर पैसे जास्त येतात, म्हणून संच फुटतो. वर पाहिलेला कुतचा निष्कर्ष त्या क्षणी कायमचा अशक्य होतो, कारण ‘स्टार मिळालाच नव्हता’ आणि ‘स्टार हरवला’ या दोन गोष्टींत फरक करता येत नाही. संग्राहकांवर घेतला जाणारा मोठा आक्षेप इथेच आहे आणि तो खरा आहे. मात्र त्याला दुसरी बाजूही आहे. भट्टीच्या तोंडून जी पदकं वाचली ती बहुतेक खासगी हौशी माणसांनी वाचवली, संग्रहालयांनी नव्हे. ब्रिटनमधली ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी १९४२ पासून हेच काम करत आली आहे, आणि काठावरच्या ठशांच्या तऱ्हा, टाकसाळींतले फरक, कुठली पट्टी कुठल्या पलटणीला लागू होते याचं आजचं ज्ञान अशाच लोकांच्या चिकाटीतून आलेलं आहे. तेव्हा वाद संग्रह करावा की नाही असा नसून संग्राहक पैसे कशाचे मोजतो हा आहे. तो दुर्मिळपणाचे मोजतो. दुर्मिळ पट्टी, प्रसिद्ध पलटण, लढाईत मेलेला माणूस, यांना भाव. भाकऱ्या भाजणाऱ्याच्या किंवा पखाल वाहणाऱ्याच्या पदकाला तो कालपरवापर्यंत नव्हता, जरी त्या माणसाविषयी दुसरा एकही कागद उरलेला नसला तरी.

आता दुसरा आक्षेप. काठावरचं नाव खरं कशावरून? जुनं नाव घासून नवं ठोकण्याचे प्रकार होतात, नकली पदकंही सर्रास विकली जातात. हे नाकारण्यात अर्थ नाही, पण तपासाची साधनं अवघड नाहीत. नाव घासलं की काठ झिजतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपरने चारपाच ठिकाणी व्यास मोजला की फरक दिसतो. मुखवटा आणि घोडेस्वार झिजून गुळगुळीत झाले असतील आणि अक्षरं मात्र करकरीत असतील, तरी शंका घ्यावी. त्याच माणसाच्या दुसऱ्या पदकावर ठशाचं वळण वेगळं असेल तरीही. हरवलेल्या पदकाऐवजी सरकारनेच दिलेल्या दुसऱ्या प्रतीच्या काठावर कधीकधी ‘रिप्लेसमेंट’ असं स्पष्ट ठोकलेलं असतं, ती नकली नव्हे. बनवाबनवी बहुधा जिथे पैसा असतो तिथे होते. कुतच्या किंवा न्यूव्ह शापेलच्या नावावर ती होईल, पण तळेगावच्या डेपोत युद्ध काढलेल्या शिपायाचं नाव बनवण्यात कोणाला रस? त्यामुळे पदक जितकं सामान्य तितका त्याचा काठ विश्वासार्ह, असा एक ढोबळ नियम मानायला हरकत नाही. खऱ्या काठांचं मोठं नुकसान भामट्यांपेक्षा मायेने होतं. दर दिवाळीला चिंच आणि रांगोळी लावून घासलेल्या पदकाची अक्षरं दोन पिढ्यांत पुसट होतात. काळं पडलेलं पदक काळंच राहू द्यावं.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा. सरकारी दप्तरात पदकांच्या याद्या असताना वस्तूच्या मागे कशाला लागायचं? ब्रिटिश शिपायाच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. १९४० च्या बॉम्बवर्षावात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक जळाली, आणि परदेशी गेलेल्या माणसांची त्यातल्या त्यात पूर्ण यादी म्हणून पदकांची कार्डं आणि मेडल रोलच उरले. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. म्हणजे ब्रिटनमध्येही साध्या सैनिकाचा इतिहास शेवटी पदकांच्याच कागदांनी तारला. हिंदुस्थानी शिपायाची नोंद मात्र तिथे तुटक आहे. जुन्या मोहिमांच्या याद्या क्यूला आणि ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळतात. पहिल्या महायुद्धातल्या साध्या हिंदुस्थानी शिपायांची अशी सलग, सहज शोधता येणारी यादी नाही. म्हणून जे काम तिकडे कार्ड करतं ते इकडे पदकाच्या काठाला करावं लागतं. त्यातही अडचणी आहेत. सावंत हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी येतं, बापाचं नाव नसतं, गाव नसतं, आणि एकाच पलटणीत बाबाजी मोरे दोन-तीन निघतात. अशा वेळी नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. पण नंबर त्या काळी पलटणीपुरता असे, एकच आकडा दहा पलटणींत सापडतो. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी एकत्र धरायची आणि ती घेऊन पुढच्या कागदांकडे जायचं : डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातला शीट रोल, आणि त्या महिन्यांत पलटण कुठे होती हे सांगणारी वॉर डायरी. १९२२ च्या फेररचनेत मराठ्यांची १०३ वी पलटण पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. हे कोष्टक पाठ नसेल तर आजोबांची १९१८ ची पलटण आणि १९२५ ची पलटण वेगळी वाटते. बदलला असतो तो फक्त तिचा नंबर.

सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे. ही साम्राज्याने आपल्या चाकरांना वाटलेली बक्षिसं. ज्या राजाचा मुखवटा त्यांच्यावर आहे त्याच्या राज्यासाठी आपली माणसं परक्या मुलखात मेली. मग ती जपून, त्यांच्यावर लेख लिहून आपण कोणाचा गौरव करतो? याला एक उत्तर असं की कंपनीचे महसुली कागद आपण वापरतो ते कंपनीच्या प्रेमापोटी नव्हे. दस्तऐवज कोणी तयार केला यावरून तो कसा वाचायचा ते ठरतं, वाचायचा की नाही ते नाही. पण हे उत्तर अर्धंच आहे. अधिक ठोस उत्तर पदकांमध्येच आहे. साम्राज्याने माणसांना कसं तोललं याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे मिळत नाही. श्रीरंगपट्टणच्या पदकात सोन्यापासून कथलापर्यंतची उतरंड होती. १८९५ च्या इंडिया मेडलमध्ये आणि १९०० च्या चीन मोहिमेच्या पदकात लढणाऱ्याला चांदी आणि त्याच मोहिमेत त्याला पाणी पाजणाऱ्या भिस्त्याला, घोड्याच्या सायसाला, सफाई करणाऱ्याला कांसं. पहिल्या महायुद्धात ही रेघ मजूर तुकड्यांवर ओढली गेली. त्या युद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे चौदा लाखांपैकी साडेपाच लाखांहून अधिक माणसं बिनलढाऊ होती. राधिका सिंघा यांचं २०२० मध्ये आलेलं ‘द कुलीज् ग्रेट वॉर’ हे पुस्तक याच माणसांवर आहे. काठावर नाव ठोकताना मात्र सरकारने हात आखडता घेतला नाही. कांशाच्या काठावरही नाव आहे.

याच्या शेजारी बसऱ्याचं स्मारक ठेवून पाहावं. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते उभारलं. ब्रिटिशांची आणि हिंदुस्थानी अंमलदारांची नावं कोरली गेली. साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं दगडावर आली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मधल्या अहवालात ही विषमता मान्य केली. पहिल्या महायुद्धातल्या निदान ४५ हजार मृतांची आठवण इतरांहून कमी दर्जाने राखली गेली आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक बहुधा नावाने किंवा मुळीच नोंदले गेले नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. ही माणसं मुख्यतः आफ्रिका आणि हिंदुस्थानची. त्यांच्यातल्या एखाद्या सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या शिपायाचं पदक विधवेच्या पत्त्यावर पोचलं असेल, तर दगडाने गाळलेलं नाव चांदीने राखलं आहे. साम्राज्याच्या विरोधातली साक्षही साम्राज्याच्याच टाकसाळीतून निघालेली असू शकते.

दुसऱ्या महायुद्धाचं प्रकरण थोडं वेगळं आणि लवकर आटोपणारं. स्टार पुष्कळ, पण एका माणसाला जास्तीत जास्त पाच. १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, शिवाय वॉर मेडल आणि डिफेन्स मेडल. ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांची ही पदकं नाव न ठोकताच वाटली, त्यामुळे तिकडे संच फुटला की माणूस संपला. हिंदुस्थानी सैन्याला दिलेल्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. या एका बाबतीत आपला संशोधक ब्रिटिश संशोधकापेक्षा सुदैवी आहे. इथेही तारखा आणि मुलूख बोलके आहेत. आफ्रिका स्टारमध्ये इरिट्रिया येतं, म्हणून केरेनच्या डोंगरावर १९४१ मध्ये लढलेला मराठा त्याचा हक्कदार. सांगशाकला मार्च १९४४ मध्ये जपान्यांना थोपवणाऱ्या चौथ्या मराठा पलटणीतल्याच्या छातीवर बर्मा स्टार. हिंदुस्थानातच तीन वर्षं काढलेल्यांसाठी १९४६ मध्ये निघालेल्या इंडिया सर्व्हिस मेडलकडे संग्राहक ढुंकून पाहत नाहीत. पण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट पाहा. ज्या समाजाची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवली गेली, १९१७ मध्ये १११ वी महार म्हणून पुन्हा उघडली गेली आणि चारच वर्षांत पुन्हा मिटली, त्याच्या माणसांसाठी त्या काठावर रेजिमेंटचं नाव येणं हीच मोठी गोष्ट होती. लढाई कुठे झाली हा प्रश्न त्यापुढे दुय्यम.

मालकीचा प्रश्न उरतो. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या व्याख्येत बसते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाला पोचली आहेत. तरी कायदा निर्यात रोखतो, भट्टी रोखत नाही आणि संच फुटणंही रोखत नाही. विकणाऱ्या घराला दोष देण्यात हशील नाही, त्या घरी पदकापेक्षा पैशाची निकड मोठी असते. निदान विकताना काठाचे चारही बाजूंनी फोटो आणि सोबतचे कागद यांची एक प्रत घरात राहावी, आणि घेणाऱ्याने पदक कोणत्या गावातून आलं ते लिहून ठेवावं, एवढी अपेक्षा कोणावर भार टाकणारी नाही. गाव लिहून ठेवण्याची बाब तर फुकटची, पण दलाल ती मुद्दाम दडवतो, कारण गाव कळलं की गिऱ्हाईक थेट तिथे जातं. स्वतंत्र भारताच्या पदकांबाबतही आजच काळजी घ्यायला हवी. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर जम्मू-काश्मीरची पट्टी असलेले सैनिक आता जवळजवळ उरले नाहीत, गोवा १९६१ ची पट्टी असलेले नव्वदीकडे गेले आहेत. शिवाय अनेकांनी मूळ पदक पेटीत ठेवून छावणीतल्या दुकानातून घेतलेली बिननावाची प्रत परेडला लावली. पुढच्या पिढीच्या हाती कधीकधी ही प्रतच येते.

पंजाबात या कोड्याचा मोठा भाग कागदानेच सुटला. १९१९ मध्ये पंजाब सरकारने गावोगावच्या भरतीच्या नोंदवह्या तयार केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. सुमारे २६ हजार पानांत तीन लाख वीस हजार माणसं. २०२१ पासून ग्रीनिच विद्यापीठ आणि यूके पंजाब हेरिटेज असोसिएशन यांनी त्या गावाच्या नावावरून शोधता येतील अशा खुल्या करायला सुरुवात केली. महाराष्ट्रात सुरुवातीचा बिंदू वेगळा आहे. सातारा, रत्नागिरी आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कित्येक चावड्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर इंग्रजी मजकुराच्या छोट्या शिळा बसवलेल्या आहेत. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यांच्यावर असतं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. अशा शिळेवर गाव आणि आकडा आहे, नाव नाही. पदकाच्या काठावर नाव आणि नंबर आहे, गाव नाही. दोन्ही जोडणारा कागद म्हणजे पेन्शनचं पुस्तक. त्यात नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव आणि तालुका एकाच पानावर येतात. पण विधवेच्या मृत्यूनंतर पेन्शन थांबली की घरात त्याची किंमत उरत नाही आणि ते रद्दीत जातं. एखाद्या गावाने हे काम हाती घेतलंच, तर शिळेवरच्या आकड्यापासून निघावं, घरोघरची पेन्शनची पुस्तकं आधी गोळा करावीत आणि पदकांचे काठ त्यांच्याशी ताडून पाहावेत. पदक आणखी पन्नास वर्षंही वाचता येईल, पुस्तकाचा कागद तेवढा थांबणार नाही.